जुन्या पिकअपचा किंचाळणारा आवाज: बेल्ट बदलला तरी परत येतो तेव्हा काय काय बघायचं

सकाळी चावी फिरवली, इंजिन पकडलं आणि लगेच चिंईईईई. दहा-पंधरा सेकंद जीव तोडून किंचाळतं आणि मग गप्प, दिवसभर काही झालंच नाही अशी गाडी चालते. दुसऱ्या दिवशी परत तेच. हा आवाज मी माझ्या जुन्या डिझेल पिकअपवर इतक्यांदा ऐकलाय आणि ओळखीतल्यांच्या गाड्यांवर इतक्यांदा शोधून दिलाय की आता एकदाच सगळं लिहून ठेवतो, कारण दर वेळी फोनवर सांगताना काहीतरी राहून जातं आणि नेमकं तेच कारण निघतं.

सुरुवातीलाच एक सांगतो. आवाज कुठून येतोय हे नुसत्या कानावर ठरवू नका, तो कधी येतोय ते आधी बघा. पत्रा, चेसी, केबिनचा फ्लोअर हे सगळे आवाज इकडचा तिकडे नेतात. मी एकदा मागच्या ब्रेकचा आवाज समजून दोन्ही ड्रम खोलून बसलो होतो आणि आवाज निघाला प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) क्रॉसचा, म्हणजे त्याच्या वळणाऱ्या जोडाचा. तेव्हापासून एक छोटी वही डॅशबोर्डच्या खणात ठेवतो, आवाज आला की लिहायचं: इंजिन थंड का गरम, गाडी उभी का चालती, कुठल्या पेडलवर पाय होता, हौद्यात माल होता का रिकामा. दोन-तीन दिवसांत अर्धं उत्तर त्या वहीतच मिळतं.

लक्षणं

थंड इंजिन स्टार्ट केल्या केल्या लांब किंचाळी, थोड्या वेळाने आपोआप बंद, आणि पावसाळी ओलसर हवेत जास्त: बहुतेक वेळा बेल्ट, म्हणजे इंजिनच्या पुढे फिरणारा रबरी पट्टा, घसरतोय.

हेडलाईट, ब्लोअर, एसी लावला की किंवा स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवलं की किंचाळी: बेल्टच, पण लोड आल्यावर घसरतोय.

चिक चिक चिक असा ठेका धरून आवाज, रेस वाढवली की ठेका जलद: पुल्या (बेल्ट ज्यांवरून फिरतो ती चाकं) एका ओळीत नाहीत, किंवा बेल्टला एखाद्या जागी खराबी आहे.

बारीक सतत शीळ किंवा खरखर, लोड टाका न टाका काही फरक नाही: कुठलं तरी बेअरिंग.

गाडी चालताना चाकाकडून कर्कश आवाज आणि ब्रेकवर हलका पाय ठेवला की बंद होतो किंवा बदलतो: ब्रेक पॅड संपत आलेत. फक्त ब्रेक मारतानाच आवाज: पॅड, डिस्क, लायनर (मागच्या ड्रममधला घासणारा थर) यातलं काहीतरी.

हळू चालताना खालून चिवचिव, इंजिनच्या रेसशी संबंध नाही, चाकाच्या वेगाबरोबर वाढते: प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस.

खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर, माल चढवताना करकर: पाटे (हौद्याखालच्या पोलादी स्प्रिंग पट्ट्या), शॅकल (पाटे चेसीला जोडणारा दुवा), बुश (त्या जोडातलं रबर). क्लच दाबला की किंवा सोडला की आवाज: रिलीज बेअरिंग नाहीतर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. चढावर रेस दिली की शिटी: एक्झॉस्टचं गॅस्केट किंवा टर्बोचा पाईप.

हे वाचून लगेच पाना उचलू नका.

आधी फुकटातली तपासणी

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलला इंजिन चालू ठेवा. उभ्या गाडीत आवाज येतो का? येत असेल तर ब्रेक, चाकाचं बेअरिंग, क्रॉस, पाटे हे सगळे एका झटक्यात यादीतून बाहेर, राहतं फक्त इंजिनसोबत फिरणारं. मग हळू रेस द्या, आवाज रेसबरोबर चढतो का ते ऐका. मग हेडलाईट आणि ब्लोअर लावून ऐका, नंतर एसी, नंतर स्टेअरिंग एका टोकाला नेऊन ऐका (टोकाला दोन-तीन सेकंदच, जास्त वेळ धरून ठेवलं तर पंपावर फुकट ताण येतो). ज्या गोष्टीने आवाज बदलला ती पुली बेल्टवर जास्त ओढ देतेय. क्लच शेवटी दाबून बघा.

उभ्या गाडीत काहीच आवाज नाही आणि चालताना येतो, तर मोकळ्या सपाट रस्त्यावर वीस-तीसच्या वेगात क्लच दाबा आणि रेस सोडा, इंजिन बंद अजिबात करायचं नाही. रेस पडली तरी आवाज तसाच चालू राहिला तर तो चाकाचा किंवा शाफ्टचा. ब्रेकवर नुसता पाय टेकवा, बदलला का बघा. डावीकडे-उजवीकडे हलकं वळवा, बदलला तर चाकाच्या बेअरिंगचा संशय, तिथे सहसा किंचाळीपेक्षा घरघर असते पण कोरडं पडलेलं बेअरिंग बारीक आवाजही करतं.

एवढ्याला एक पैसा लागत नाही, दहा मिनिटं लागतात. आणि हेच वगळून लोक थेट बेल्ट बदलायला जातात.

पाण्याची बाटली

आवाज इंजिनकडचा ठरला असेल तर पुढची पायरी ही. साधी प्लास्टिकची बाटली, झाकणाला एक बारीक भोक. इंजिन आयडलवर, आवाज चालू असताना बेल्टच्या आतल्या बाजूला, म्हणजे पुलीला चिकटणाऱ्या बाजूला, थोडंसं पाणी मारायचं. अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणारा भाग) नको, गरम मॅनिफोल्डवर (इंजिनला जोडलेला धुराचा पाईप) तर नकोच. बाह्या वर, गळ्यातला रुमाल काढलेला, घड्याळ आणि अंगठी काढलेली, आणि हात पंख्यापासून लांब. जुन्या पिकअपमध्ये पंखा बहुतेक इंजिनवरच फिरतो, तो दिसत नाही इतका जोरात फिरत असतो. विजेचा पंखा असेल तर तो इंजिन बंद केल्यावरसुद्धा अचानक चालू होऊ शकतो, त्यामुळे बेल्टला हात लावायच्या आधी चावी काढून खिशात.

आता पाणी मारल्यावर काय झालं ते नीट ऐका. आवाज लगेच वाढला तर बेल्ट सैल आहे, पाण्याने आणखी घसरला. आवाज काही क्षण गेला आणि पाणी उडाल्यावर परत आला तर पुल्यांची ओळ बिघडलीये, बेल्ट तिरका घासत बसतोय. आणि पाण्याने काहीच फरक पडला नाही तर बेल्टला दोष देऊ नका, बेअरिंगकडे वळा. एका बाटलीभर पाण्यात तीन रस्ते वेगळे होतात, म्हणून मी ही तपासणी कधीच सोडत नाही.

बेल्टवर मारायचा स्प्रे मिळतो, काही जण साबण किंवा मेण चोळतात. मी हे करू देत नाही कुणाला. आवाज दोन दिवस दबतो, त्या चिकटपणावर धूळ बसते, आणि मग खरं काय होतं ते शोधायला ना पाण्याची तपासणी उपयोगी पडते ना डोळे.

आणि आवाजच तर आहे, होऊदे, असं म्हणणाऱ्यांसाठी. बऱ्याच जुन्या डिझेल पिकअपमध्ये ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा डबा) लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. म्हणजे तोच बेल्ट बॅटरी चार्ज करतो आणि ब्रेकची ताकदही तोच सांभाळतो, आणि बहुतेक गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर. तो तुटला की आधी बॅटरीचा लाल दिवा लागतो, तापमानाचा काटा चढायला लागतो, आणि दोन-तीनदा ब्रेक दाबला की साठलेला व्हॅक्यूम संपून पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक तेव्हाही लागतो, पण पायाचा पूर्ण जोर लावावा लागतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. भरलेला हौदा आणि उतार असेल तर हे काय आहे ते सांगायला नको. तुमच्या गाडीत अल्टरनेटरच्या मागे जाड रबरी नळी आणि तेलाचे पाईप जाताना दिसले तर समजा तुमचीही तशीच आहे.

इंजिन बंद करून बेल्ट बघणं

इंजिन थंड, चावी खिशात. टॉर्च घ्या. बेल्ट थोडा थोडा पिळून आतली बाजू बघा, मग इंजिन थोडं फिरवून उरलेला भाग. आतली बाजू काचेसारखी चमकत असेल तर बेल्ट घसरून भाजलाय, तो ताणला तरी किंचाळणारच, बदला. जुन्या निओप्रिन रबराच्या पट्टेरी बेल्टला (आतून लांब खाचा असलेला चपटा बेल्ट) २५ मिमी लांबीत तीन किंवा जास्त तडे दिसले की तो संपला. नंतरच्या ईपीडीएम रबराच्या बेल्टला मात्र तडे पडतच नाहीत लवकर, ते टायरसारखे झिजतात, वरून नव्यासारखे दिसतात आणि खाचा खोल झालेल्या असतात, त्यामुळे तडे नाहीत म्हणजे बेल्ट चांगला असं धरू नका.

तेलाचा किंवा कूलंटचा ओलावा आहे का बोट फिरवून बघा. असेल तर बेल्ट बदलण्याआधी गळती बंद करा, नाहीतर नवा बेल्ट महिन्याभरात तसाच. वर सांगितलेल्या व्हॅक्यूम पंपाच्या सीलमधून इंजिन ऑइल झिरपतं आणि अल्टरनेटरवरून ओघळत बेल्टवर येतं, हे मी बऱ्याच गाड्यांत बघितलंय. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, त्याच्याखाली सुकलेल्या कूलंटचा पांढरट-हिरवट ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलंय आणि बेअरिंगही फार दिवस टिकत नाही.

पुलीची खाच, जिथे मी वर्षभर चुकलो

माझ्या गाडीला साधा व्ही बेल्ट आहे. एका वर्षात तीन बेल्ट झाले. नवा टाकला की तीन-चार आठवडे शांत, मग सकाळची किंचाळी परत. मी ताणायचो, परत आवाज, परत ताणायचो. एका मेकॅनिकने बेल्ट डुप्लिकेट आहे म्हणून सांगितलं, मी दुसरा आणला, तरी तेच. शेवटी ताणून ताणून अल्टरनेटरचं बेअरिंग गेलं. ते बदलायला अल्टरनेटर खाली काढला तेव्हा टॉर्च सहज पुलीच्या खाचेत गेली, आणि खाचेचा तळ चमकत होता, नाण्याच्या कडेसारखा घासून लख्ख.

व्ही बेल्टची पकड असते त्याच्या दोन तिरक्या बाजूंची. पाचर जशी फटीत रुतते तसा तो खाचेत रुतून बसतो. खाचेच्या तळाला त्याने टेकायचंच नसतं, तळ नेहमी मळका, गंजट, रंगाचा दिसला पाहिजे. तळ चमकतोय म्हणजे खाचेच्या बाजू झिजून रुंद झाल्यात, बेल्ट खाली बसलाय आणि बाजूंना पकड राहिली नाही, मग तुम्ही कितीही ताणा तो तळावर घसरणार. बाहेरून ओळखायचं तर बेल्टची पाठ पुलीच्या काठाला साधारण बरोबरीत किंवा किंचित वर दिसली पाहिजे, नवा बेल्ट टाकूनही ती काठाच्या बरीच खाली गेली असेल तर पुली झिजली. (किंवा दुकानातून कमी रुंदीचा बेल्ट हातात पडला, हेही होतं, जुन्या बेल्टवरचा नंबर वाचून तोच मागा.) अल्टरनेटरची पुली सगळ्यात लहान असते, इंजिनच्या दुपटी-तिपटीने फिरते आणि तिच्यावर बेल्ट कमी लपेटलेला असतो, म्हणून झिजते पण तीच आधी आणि किंचाळतेही तीच आधी.

पुली बदलली, बेल्ट बदलला, त्यानंतर तो आवाज आजपर्यंत नाही. आता कुणीही म्हणालं की बेल्ट बदलला तरी आवाज येतो, तर मी पहिल्यांदा हेच विचारतो, खाचेचा तळ बघितला का.

ओळ बघायची असेल तर सरळ पोलादी पट्टी दोन पुल्यांच्या तोंडावर टेकवा. पट्टेरी बेल्टला ३०० मिमी अंतरात दीड मिमीचा तिरकेपणासुद्धा चिकचिक करायला पुरतो. अल्टरनेटर किंवा पंप कधी काढून बसवला असेल तर वॉशर मागचा पुढे झालाय का, ब्रॅकेटचा बोल्ट ढिला आहे का बघा, माझ्या अनुभवात तिरकेपणा बहुतेक वेळा हातानेच आणलेला असतो.

ताण किती ठेवायचा

दोन पुल्यांमधला सगळ्यात लांब तुकडा घ्या, मधोमध अंगठ्याने चांगला जोर देऊन, अंदाजे १० किलोचा, दाबा. बऱ्याच गाड्यांत १० ते १२ मिमी दबला तर ठीक, पण खरा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा, नव्या बेल्टला आणि वापरलेल्या बेल्टला वेगळा दिलेला असतो. जास्त ताणला की आवाज जातो हे खरं, पण तो ताण अल्टरनेटर आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर जातो, माझ्या गाडीचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. नवा व्ही बेल्ट सुरुवातीला ताणला जाऊन खाचेत बसतो, म्हणून काही दिवसांनी ताण परत एकदा बघावाच लागतो, हे न केल्यामुळे नवा बेल्ट किंचाळून भाजतो आणि मग बेल्टला नावं ठेवली जातात. आपोआप ताणणारा टेन्शनर असेल तर इंजिन चालू असताना लांबून त्याच्या दांड्याकडे बघा, तो जोरजोरात थरथरत असेल तर स्प्रिंग थकलीये, तिथे बेल्ट ताणायचा प्रश्नच नाही, टेन्शनरच बदलायचा.

बेल्ट, पुली, ताण तिन्ही बरोबर असून फक्त सकाळीच किंचाळत असेल तर बॅटरी तपासून घ्या. स्टार्ट केल्यावर बॅटरीतून गेलेली वीज अल्टरनेटर परत भरत असतो, बॅटरी दमलेली असली की तो जास्त जोर लावतो आणि जास्त वेळ, त्यामुळे फिरायला जड होतो. एका ओळखीच्या गाडीचा आवाज नुसती बॅटरी बदलून आणि टर्मिनल घासून गेला, बेल्टला हातही लावला नव्हता.

बेल्ट काढून पुल्या फिरवणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, बेल्ट कसा फिरवलाय त्याचा फोटो काढा (पट्टेरी बेल्टचा रस्ता लक्षात राहत नाही, विश्वास ठेवा), मग बेल्ट उतरवा. आता इंजिन दोन-चार सेकंद चालवून बघता येतं, त्यासाठी वायर परत लावायची. आवाज गेला म्हणजे बेल्टवरच्या कशाचा तरी आहे, राहिला म्हणजे बेल्टवरच्या भागांचा नाही. काही सेकंदच, वॉटर पंप फिरत नसतो. इंजिन बंद करून वायर परत काढा आणि एकेक पुली हाताने फिरवा. चांगलं बेअरिंग गुपचूप, थोडं घट्ट, तेलकट फिरतं. वाळू चावल्यासारखं लागलं, किंवा एका टिचकीत सुर्रर्र करून फिरतच राहिलं तर आतलं ग्रीस संपलं. पुली वर-खाली, मागे-पुढे हलवून बघा, वॉटर पंपाची पुली थोडीही डुलली तर ती गाडी लांबच्या प्रवासाला नेऊ नका.

आयडलर (बेल्टला फक्त वळण देणारी पुली) आणि टेन्शनरची पुली घरी बदलण्यासारखी असते. अल्टरनेटरचं बेअरिंग, पॉवर स्टेअरिंगचा पंप, एसीचा क्लच यांना पुलर आणि प्रेस लागतो, ते भाग काढून दुकानात नेऊन द्या. बेल्ट काढल्यावरही आवाज चालू राहिला आणि तो टायमिंग कव्हरच्या आतून येत असेल तर तिथे हात घालू नका. आतला टायमिंग बेल्ट किंवा त्याचं टेन्शनर सुटलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात, ही गाडी चालवत न्यायचीसुद्धा नाही, ओढून न्या.

ब्रेक

रात्रभर पावसात उभी गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला करकरते, ते डिस्कवरचं पातळ गंज आहे, घासून जातं, सोडून द्या.

बाकीसाठी पुढचं चाक काढावं लागेल. मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडका किंवा दगड, जॅकवर उचलल्यावर चेसीखाली स्टँड, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली किंवा चाकाजागी हातसुद्धा घालायचा नाही. पॅडचं मटेरियल ३ मिमीच्या आसपास आलं असेल तर बदला, दोन्ही बाजूंचे एकदम. पॅडला एक छोटी पोलादी पट्टी असते, पॅड झिजला की ती डिस्कला घासून मुद्दाम किंचाळते, ब्रेकवर पाय ठेवला की बऱ्याचदा गप्प होते. लोकांना वाटतं ब्रेक मारल्यावर आवाज थांबतो म्हणजे ब्रेक चांगला आहे, बरोबर उलटं आहे.

पॅड जाड असून आवाज येत असेल तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सरकत्या पिना हाताने सरकतात का बघा. अडकलेल्या असतील तर एक पॅड झिजलेला आणि दुसरा जाड दिसेल. पिना साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. ग्रीसचा किंवा तेलाचा थेंब पॅडच्या तोंडाला, डिस्कला, लायनरला कुठेही लागता कामा नये. डिस्कमागचा पातळ पत्रा वाकून किंवा मध्ये खडा अडकूनही भयानक आवाज येतो आणि पेचकसाने दोन मिनिटांत जातो.

मागच्या ड्रममध्ये धूळ साठते आणि लायनरचे शू ज्या पत्र्यावर टेकतात ते ठिपके कोरडे पडतात. धूळ फुंकायची नाही, हवेच्या पाईपने तर नाहीच, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जातं. मास्क लावून, ब्रेक क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने पुसा. खर्र खर्र असा लोखंडावर लोखंडाचा आवाज, पेडल मऊ होऊन खाली जाणं, गाडी एका बाजूला ओढणं, ड्रमच्या आत ओलं दिसणं, यातलं एकही असेल तर गाडी जागेवर उभी करा आणि माहीतगार माणसाला बोलवा.

गाडीखाली

क्रॉसची चिवचिव अगदी ओळखू येण्यासारखी असते, हळू चालताना पक्ष्यासारखी, वेग वाढला की जलद होते आणि मग टायरच्या आवाजात बुडून जाते. इंजिन बंद, चारही चाकांना अडसर, मग शाफ्ट हाताने उलटसुलट पिळा. क्रॉसच्या टोप्यांभोवती विटेच्या रंगाची बारीक भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या फिरतायत. ग्रीस निप्पल असेल तर ग्रीस गनने चारही टोप्यांतून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा, तीनमधून आलं आणि चौथीतून नाही तर ती चौथीच आवाज करतेय असं समजा. ग्रीस भरून चिवचिव गेली तरी टोपीत खेळ लागत असेल तर क्रॉस बदलायचाच. शाफ्ट उतरवणार असाल तर आधी दोन्ही टोकांना खूण करून ठेवा, फिरवून बसला तर थरथर सुरू होते. मधलं बेअरिंग लोंबकळलेलं दिसलं किंवा शाफ्टला थरथर असेल तर ते काम गॅरेजचं.

पाट्यांची करकर धोक्याची नसते पण डोकं उठवते. मागचा बंपर धरून कुणाला तरी गाडी वर-खाली दाबायला सांगा, तुम्ही बाजूला उभं राहून ऐका. एकेका जोडावर पाणी मारत जा, जिथे मारल्यावर आवाज थांबला तो जोड. रबरी बुशला डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस काही लावू नका, रबर फुगून मऊ पडतं, सिलिकॉनचा स्प्रे चालतो किंवा बुश बदला. एखादा पाटा मोडलेला किंवा यू बोल्ट ढिला दिसला तर माल भरू नका.

क्लच आणि शिटी

क्लचवर पाय ठेवल्यावर आवाज सुरू होत असेल तर आधी पेडलच्या बिजागरीला ग्रीस लावून बघा, स्वस्तात जातो कधी कधी. नाही गेला तर रिलीज बेअरिंग. उलट, न्यूट्रलला क्लच सोडल्यावर आवाज आणि दाबला की बंद, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग असण्याची शक्यता जास्त. दोन्हीला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, घरी करू नका, आणि उतरवला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेटही बघून घ्या म्हणजे परत उतरवायला नको.

रेस दिल्यावरची शिटी शोधायला हातभर रबरी नळीचं एक टोक कानाजवळ धरा आणि दुसरं मॅनिफोल्डच्या जोडांजवळून फिरवा, भाजणार नाही इतकं लांबून. जोडाशी काळी काजळी दिसली की गॅस्केट गेलं. केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर काचा उघड्या ठेवून थेट गॅरेज गाठा.

चालत्या गाडीत किंचाळीसोबत बॅटरीचा दिवा लागला किंवा तापमानाचा काटा चढला तर पुढच्या गावापर्यंत जाऊ असा विचार नको, ब्रेकच्या पेडलमध्ये ताकद आहे तोवर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. जळक्या रबराचा वास, स्टेअरिंग अचानक जड होणं, चाक हाताने हलवल्यावर खेळ लागणं, यातही तेच.

गॅरेजमध्ये गेलात की "गाडी आवाज करते" एवढंच सांगू नका. वही पुढे करा आणि असं सांगा: उभ्या गाडीत येतो, थंड इंजिनला दहा सेकंद, हेडलाईट लावला की वाढतो, पाणी मारल्यावर वाढला, खाचेचा तळ चमकतोय. असं सांगितलं की मेकॅनिक थेट त्या पुलीला हात घालतो.